अंगठ्याखालचे अधिक

व्हिडिओ गेमचा कोणताही कंट्रोलर हातात घ्या. डावा अंगठा जिथे आपोआप टेकतो, तिथे बहुधा गणितातल्या अधिकच्या चिन्हासारखी एक कळ असते. वरचा हात दाबला की खेळातला गडी वर जातो, डावा दाबला की डावीकडे पळतो. गोष्ट इतकी साधी, की तिच्यामागे कोणी डोके शिणवले असेल असे वाटतही नाही. पण शिणवले होते. तिला आजचे रूप देणारा माणूस मूळचा पत्त्यांच्या कारखान्यातला, यंत्रांची देखभाल करणारा इंजिनियर होता. त्यांचे नाव गुन्पेई योकोई.

मला जुन्या व्हिडिओ गेमसाठी हाताने कंट्रोलर बनवण्याचा छंद आहे. प्लायवूडचा तुकडा, लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या कळा, थोडी वायर आणि सोल्डरिंगची इस्त्री एवढे सामान पुरते. त्यामुळे योकोई यांची ओळख मला आधी कानशीने लाकूड घासताना झाली, त्यांच्या आयुष्याची हकिगत नंतर समजली.

योकोई यांचा जन्म १० सप्टेंबर १९४१ रोजी क्योतोत झाला. त्याच शहरातल्या दोशिशा विद्यापीठातून ते इलेक्ट्रॉनिक्स शिकले आणि १९६५ साली निन्टेंडो कंपनीत लागले. आज हे नाव जगभर दुमदुमते. तेव्हा मात्र ही कंपनी १८८९ पासून ‘हानाफुदा’ नावाचे फुलांच्या चित्रांचे पत्ते छापणारी म्हणून ओळखली जात होती. योकोई यांचे काम होते पत्त्यांची यंत्रे चालू ठेवण्याचे. यंत्रे बरी चालत असली की त्यांना वेळच वेळ मिळे. त्या वेळात त्यांनी स्वतःच्या करमणुकीसाठी एक गंमत बनवली. जुन्या लिफ्टचे जाळीचे दार असते ना, ओढले की पसरणारे आणि ढकलले की मिटणारे, तशी एक लांब होणारी चिमट्याची काठी! मुठी जवळ आणल्या की पलीकडचे टोक पुढे जाऊन वस्तू पकडे.

अध्यक्ष हिरोशी यामाउची कारखान्यात फेरफटका मारत असताना त्यांच्या नजरेला हे खेळणे पडले. नोकरी जाण्याचाच प्रसंग, पण यामाउचींनी ते विक्रीसाठी तयार करायला सांगितले. १९६६ साली ‘अल्ट्रा हँड’ या नावाने ते बाजारात आले आणि दहा लाखांहून अधिक खपले. देखभालीचा इंजिनियर खेळणी घडवणारा झाला. १९६९ साली त्यांनी ‘लव्ह टेस्टर’ काढला. मुलगा आणि मुलगी यांनी एकमेकांचा हात धरायचा, मोकळ्या हातांत धातूची मूठ घ्यायची आणि काटा किती सरकतो ते पाहायचे. विज्ञान म्हणाल तर शरीरातून वाहणारा किंचितसा विद्युतप्रवाह, त्यापलीकडे काही नाही. खरी किमया दोघांनी हात धरण्याची होती, हे योकोई पुरते ओळखून होते.

माणसाचा हात काय करतो याकडे त्यांचे सतत लक्ष असे. सत्तरच्या दशकात त्यांनी आगगाडीत एक प्रवासी पाहिला. वेळ जात नाही म्हणून तो खिशातल्या कॅल्क्युलेटरची बटणे उगाच दाबत बसला होता. योकोई यांच्या मनात आले, की दोन अंगठ्यांनी गुपचूप खेळता येईल असा एवढाच खेळ काढला तर? पुढे एकदा अध्यक्षांचा ड्रायव्हर आला नाही, म्हणून त्यांची गाडी योकोई यांना चालवावी लागली. वाटेत बोलता बोलता त्यांनी ही कल्पना सांगितली. आठवड्याभरात शार्प कंपनीचे अधिकारी चर्चेला हजर झाले! कॅल्क्युलेटरच्या चढाओढीमुळे छोटे पडदे आणि चिप तोवर स्वस्त झाल्याच होत्या. १९८० साली ‘गेम अँड वॉच’ आले. पुढच्या दशकभरात या मालिकेतले चार कोटींहून अधिक खेळ विकले गेले.

यातून योकोई यांची विचारपद्धती घडली. तिच्या जपानी नावाचा शब्दशः अर्थ वाळून गेलेल्या तंत्रज्ञानाकडे आडव्या बाजूने पाहणे असा आहे. मराठीत आपण मुरलेले तंत्रज्ञान म्हणू. जे स्वस्त झाले, ज्याच्या खोडी सगळ्यांना माहीत झाल्या, ते घ्यायचे आणि कोणी न सुचवलेल्या कामाला लावायचे. नवेकोरे तंत्र महाग पडते आणि ऐनवेळी दगाही देते.

अधिकची कळ अशीच, अडचणीतून आली. १९८२ साली ‘डाँकी काँग’ हा खेळ घडी होणाऱ्या गेम अँड वॉचमध्ये बसवायचा होता. मोठ्या यंत्रावर तो दांड्याने खेळत. दांडा ठेवला तर घडी मिटणार नाही. चार सुट्या कळा ठेवल्या तर बोट कोणत्या कळेवर आहे ते पाहायला पडद्यावरून नजर काढावी लागेल. योकोई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चारही दिशा एकाच तुकड्यात जोडल्या. अंगठा मधोमध ठेवायचा आणि नुसता कलता करायचा. कोणत्या बाजूला कललो हे डोळ्यांना विचारावे लागत नाही, कातडीला कळते.

ही कळ लाकडात कोरायला बसले की तिची खुबी उमगते. अधिकच्या पोटाखाली मधोमध एक टेकू लागतो. लहान मुलांच्या सी-सॉ सारखे डावे टोक खाली गेले की उजवे वर उठते. टेकूची उंची कमी पडली तर डावे आणि उजवे एकाच वेळी दाबले जाते आणि खेळ भांबावतो. जास्त झाली तर अंगठा दुखतो. फरक असतो फार तर नखाच्या जाडीएवढा.

१९८३ च्या जुलैमध्ये जपानात आलेल्या फॅमिकॉम या घरगुती यंत्रानेही ही कळ घेतली. हे यंत्र मासायुकी उएमुरा यांच्या देखरेखीखाली घडले, पण त्यातही मुरलेल्याच वस्तू होत्या. कंट्रोलरच्या आत एक साधी, बाजारात सहज मिळणारी चिप. आठ कळांपैकी कोणत्या दाबल्या आहेत ते ती एकेक करून यंत्राला सांगते. पाच तारांत काम भागते. नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरोघरी जे करड्या रंगाचे ‘टीव्ही गेम’ आले, ते बहुतेक याच यंत्राच्या नकला होत्या. मुले त्यातल्या खेळाला ‘कॅसेट’ आणि कंट्रोलरला ‘रिमोट’ म्हणत. त्या नकलांवरही अधिक होतेच.

याच साधेपणामुळे माझ्यासारख्याला आज कंट्रोलर बनवता येतो. आमच्या शेजारच्या काकांचा डावा हात अर्धांगवायूने गेला. नातवाबरोबर टीव्ही गेम खेळणे हा त्यांचा रोजचा विरंगुळा होता, तो बंद पडला. मी पोळपाटाएवढ्या फळीवर एका हाताला पुरतील अशा मोठ्या कळा बसवल्या. तीच आठ बटणे, तीच चिप, त्याच पाच तारा. फक्त मांडणी त्यांच्या उजव्या हाताच्या सोयीने केली. काका पुन्हा नातवाशी भांडू लागले, यापेक्षा मोठी पावती मला नको होती.

योकोई यांच्या पद्धतीची मोठी परीक्षा १९८९ साली झाली. ‘गेम बॉय’चा पडदा हिरवट, रंगहीन होता. प्रतिस्पर्ध्यांचे रंगीत पडदे झगमगत होते, पण सहा पेन्सिल सेल काही तासांत फस्त करत होते. गेम बॉय चार सेलांवर त्यांच्या कितीतरी पट चाले, खिशाला परवडे आणि पडला तरी सहसा बिघडत नसे. पुढची रंगीत आवृत्ती धरून तो ११ कोटींहून अधिक विकला गेला.

मग अपयशही आले. १९९५ सालचा ‘व्हर्च्युअल बॉय’ टेबलावर ठेवून, त्यात डोळे खुपसून खेळायचा होता. चित्रे खोलीची, पण सगळी लाल आणि काळी. खेळणाऱ्यांचे डोळे आणि मान दुखू लागली. जेमतेम पावणेआठ लाख विकून कंपनीने तो गुंडाळला. हाताला काय हवे ते अचूक ओळखणाऱ्या माणसाने डोळ्यांना आणि मानेला काय सोसेल हे ओळखले नाही, याची चुटपुट मला नेहमी लागते. १९९६ च्या ऑगस्टमध्ये, ३१ वर्षांच्या नोकरीनंतर, योकोई बाहेर पडले. लोकांनी अपयशाशी त्याचा संबंध जोडला. त्यांनी स्वतः तो नाकारला. स्वतःचे काही सुरू करावे हे त्यांच्या मनात आधीपासून होते.

क्योतोत त्यांनी ‘कोतो’ नावाची छोटी कंपनी काढली आणि बांदाई कंपनीसाठी नव्या हातखेळाचे काम हाती घेतले. ते पूर्ण झालेले त्यांनी पाहिले नाही. ४ ऑक्टोबर १९९७ रोजी इशिकावा प्रांतातल्या द्रुतगती मार्गावर त्यांच्या गाडीची किरकोळ टक्कर झाली. काय झाले ते पाहायला ते खाली उतरले आणि मागून आलेल्या दुसऱ्या गाडीने त्यांना धडक दिली. वय होते अवघे ५६.

तो हातखेळ, ‘वंडरस्वान’, १९९९ च्या मार्चमध्ये बाजारात आला. रंग नाहीत, चालायला पेन्सिल सेल एकच. आडवा धरा किंवा उभा, दोन्ही बाजूंनी अंगठ्याखाली कळा येतील अशी त्यांची मांडणी होती. त्याच्यासोबत आलेल्या एका कोड्याच्या खेळाला सहकाऱ्यांनी ‘गुन्पे’ हे नाव दिले होते.