सावल्यांना सजीव करणाऱ्या लॉटे रायनिगर

शिवणाच्या डब्यात कात्री नाही असे घर विरळाच. कापड बेतावे, मुलांना कागदाची फुले करून द्यावीत, दिवाळीत आकाशकंदिलाच्या झिरमिळ्या कापाव्यात, यापलीकडे त्या कात्रीचे काही मोठे काम असेल असे आपल्या मनातही येत नाही. जर्मनीतील लॉटे रायनिगर या बाईंनी मात्र याच कात्रीने शंभर वर्षांपूर्वी अशी पात्रे घडविली, की ती आजही पडद्यावर चालतात, रुसतात, भांडतात आणि लहानथोरांना खिळवून ठेवतात.

लॉटेचा जन्म २ जून १८९९ रोजी बर्लिनच्या शार्लोटेनबुर्ग भागात झाला. काळ्या कागदातून माणसांच्या व प्राण्यांच्या आकृती कापण्याचा नाद तिला लहानपणापासूनच होता. युरोपात ही कला तेव्हा फावल्या वेळातला हातचाळा म्हणूनच ओळखली जाई. लॉटेने घरातच सावल्यांची छोटी रंगभूमी मांडली आणि शेक्सपिअरच्या नाटकांचे खेळ घरच्या मंडळींना व मित्रमैत्रिणींना करून दाखविले.

१९१५ साली पॉल वेगेनर या नामवंत नटाचे व्याख्यान तिने ऐकले. कॅमेऱ्याच्या साहाय्याने निर्जीव वस्तूलाही हालचाल देता येते, हा त्याचा विषय होता. लॉटेच्या मनाने तो घेतला. आईवडिलांची समजूत घालून तिने वेगेनर काम करीत असे त्या माक्स राइनहार्ट यांच्या नाट्यशाळेत प्रवेश मिळविला. तेथे ती नटांच्या हुबेहूब आकृती कागदातून कापू लागली. त्या वेगेनरच्या नजरेस पडल्या आणि त्याने आपल्या चित्रपटांच्या शीर्षकांसाठी तिच्याकडून आकृती करवून घेतल्या. १९१८ च्या हॅमेलिनच्या पुंगीवाल्याच्या चित्रपटात जिवंत उंदीर काही केल्या ऐकेनात, तेव्हा लाकडी उंदीर तसूतसूने सरकवून एकेक चित्र टिपण्यात आले. त्या कामात लॉटेचाही हात होता. १९१९ मध्ये बर्लिनच्या एका संशोधनसंस्थेत तिने आपला पहिला स्वतंत्र छायापट पुरा केला. तेथेच तिची कार्ल कोख यांच्याशी ओळख झाली आणि १९२१ साली त्यांचा विवाह झाला. पुढे जन्मभर कोख बाईंचा कॅमेरा सांभाळीत.

आता या कामातली खरी अडचण पाहू. सावलीला डोळे नसतात, हसू नसते, गालावरची लाली नसते. मग सावत्र आई दुष्ट आहे आणि सिंड्रेला गरीब गाय आहे, हे प्रेक्षकाला कळावे कसे? बाईंनी याचे उत्तर बाह्यरेषेत शोधले. नाकाचा बाक, पाठीची पोक, मानेची लवण, बोटांची लांबी यांतूनच त्या पात्राचा स्वभाव बोलका करीत. कापताना उजवा हात जवळजवळ स्थिर असे आणि डाव्या हातातला कागद फिरत राही. १९२२ च्या 'सिंड्रेला'च्या आरंभी तर ही नायिका कात्रीने कापली जाताना आपल्याला पडद्यावरच दिसते.

नुसती आकृती कापून भागत नसे. डोके, मान, धड, दंड, मनगट, मांडी, पाऊल असे भाग वेगवेगळे कापून बारीक तारेने सांधावे लागत. आकृती सपाट पडून राहावी म्हणून पुठ्ठ्याबरोबर शिशाचा पातळ पत्रा वापरीत. ही बाहुली काचेच्या मेजावर ठेवायची, खालून दिवा लावायचा, वरून कॅमेरा रोखायचा. हात केसभर हलवावा, एक चित्र घ्यावे. पुन्हा केसभर हलवावा, पुन्हा एक चित्र घ्यावे. सेकंदाला २४ चित्रे धरली, तर दहा मिनिटांच्या छोट्या चित्रपटाला १४ हजारांहून अधिक चित्रे लागतात! पात्र जवळून दाखवायचे झाले तर त्याचे मोठे डोके व खांदे निराळे कापावे लागत. चालताना अंगाचा भार कोणत्या पायावर आहे हे चुकले, तर पात्र चालण्याऐवजी घसरल्यासारखे दिसे. म्हणून माणसांच्या आणि जनावरांच्या चालीचा बाईंनी बारकाईने अभ्यास केला होता.

१९२३ साली जर्मनीत महागाईने पैशाला कागदाची किंमत उरली नव्हती. लुईस हागेन या बँकमालकाने आपला पैसा चित्रपटाच्या कोऱ्या फितीत गुंतविला होता. ती फीत बाईंना देऊन त्याने मोठा चित्रपट करण्यास सुचविले आणि पॉट्सडॅम येथील आपल्या मोटारखान्यावरची जागा कामाला दिली. मोजक्या सहकाऱ्यांनिशी तेथे तीन वर्षे खपून बाईंनी 'राजपुत्र अहमदची साहसे' हा चित्रपट सिद्ध केला. कृष्णशास्त्री चिपळूणकरांमुळे मराठी वाचकांच्या घरची झालेल्या अरबी सुरस गोष्टींतलीच ही कथा. यातला जादूगार हाडकुळा आणि वाकडा, तर अग्निपर्वतावरची चेटकीण बसकी, लठ्ठ आणि बेढब. पण हीच कुरूप चेटकीण नायकाच्या मदतीला धावते आणि जादूगाराचा अंत करते. रूपावरून माणूस ओळखू नये, हा धडा बाईंनी एक शब्दही न बोलता दिला आहे. २ मे १९२६ रोजी हा चित्रपट बर्लिनमध्ये प्रथम दाखविण्यात आला. वॉल्ट डिस्नेची 'स्नो व्हाइट' त्यानंतर ११ वर्षांनी, १९३७ मध्ये आली. आज उपलब्ध असलेल्या पूर्ण लांबीच्या अशा चित्रपटांत बाईंचाच चित्रपट सर्वांत जुना आहे.

पुढे मात्र दिवस फिरले. १९३३ मध्ये हिटलरची सत्ता आली. त्या राजवटीत राहणे पतिपत्नींना रुचेना. पण कोणताच देश कायम वास्तव्याची परवानगी देईना. परवान्याची मुदत संपली की बिऱ्हाड हलवायचे, असे इंग्लंड, फ्रान्स, इटली या देशांत त्यांचे अनेक वर्षे चालले. तशातही बाईंनी काम सोडले नाही. मोझार्टच्या संगीतावरचा १९३५ चा 'पापागेनो' याच धामधुमीच्या काळातला. अखेर आई आजारी म्हणून ऐन महायुद्धात त्यांना बर्लिनला परतावे लागले. १९४५ च्या विध्वंसात 'राजपुत्र अहमद'ची मूळ फीत नष्ट झाली. लंडनमध्ये एक प्रत जपलेली होती, म्हणूनच तो चित्रपट आज आपल्याला पाहता येतो.

१९४९ मध्ये, वयाच्या पन्नाशीत, दोघांनी लंडनला नव्याने संसार मांडला. हागेन यांच्या मुलाच्या सहकार्याने १९५३ मध्ये संस्था निघाली आणि दूरचित्रवाणीसाठी परीकथांचे छोटे चित्रपट भराभर तयार होऊ लागले. 'बेडूक राजपुत्र', 'बुटातले मांजर', 'अंगठ्याएवढी मुलगी', 'टोळ आणि मुंगी' ही त्यांतली काही नावे. 'शूर शिंपी' या चित्रपटाला १९५५ मध्ये व्हेनिस येथे पारितोषिक मिळाले.

१९६३ साली कोख वारले. चाळीस वर्षांचा जोडीदार गेला आणि बाईंनी काही वर्षे चित्रपटाचे काम बाजूस ठेवले. जग त्यांना विसरल्यासारखेच झाले होते. पण १९६९ मध्ये त्या जर्मनीला गेल्या, तेव्हा नव्या पिढीने त्यांचे प्रेमाने स्वागत केले. १९७० मध्ये त्यांनी आपल्या कलेची सारी रीत उलगडून सांगणारा ग्रंथ लिहिला. १९७२ मध्ये मायदेशाने त्यांचा सन्मान केला. पंचाहत्तरी उलटल्यावर कॅनडाच्या चित्रपट मंडळासाठी त्यांनी पुन्हा कात्री हाती घेतली! १९ जून १९८१ रोजी जर्मनीतील डेटेनहाउझेन येथे त्यांचे निधन झाले.

घर गेले, देश सुटला, मूळ फीत जळाली, सोबती गेला. एवढे होऊनही बाईंची कला कोणी हिरावून घेऊ शकले नाही, कारण ती त्यांच्या हातातच होती. आपल्या मंडळातही कुणाच्या बोटांत भरतकाम आहे, कुणाच्या बोटांत रांगोळी. तो केवळ वेळ घालविण्याचा छंद आहे, असे म्हणून आपणच त्याला कमी लेखू नये. तो हाताचा गुण मनापासून जोपासला, तर त्यातून काय उभे राहते ते या बाईंच्या चरित्रात स्पष्ट दिसते.