बाबासाहेबांचा इंग्रजीचा पाया

परमपूज्य बाबासाहेबांचे चरित्र शिकविताना आम्ही पदव्यांच्या आधी त्यांच्या इंग्रजीच्या पायाकडे वळतो. १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या भीमरावांचे वडील सुभेदार रामजी हे लष्करी शाळेत शिक्षक होते. त्यांनी मुलाकडून हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला कसून करून घेतली. पुढे परळच्या चाळीतील एका खोलीत वडील त्यांना रात्री दोन वाजता अभ्यासाला उठवीत.

भाषांतरातच काळांची खरी कसोटी लागते. दोन वर्षांपासून शिकत आहे, असे आपली मराठी अपूर्ण वर्तमानात सांगते. इंग्रजीला तेथे ‘हॅव बीन लर्निंग’ असे रूप लागते. हा भेद नियम पाठ करून नव्हे, तर नित्य सरावाने अंगवळणी पडतो.

१९०७ मध्ये ते मॅट्रिक झाले, १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले. शाळेत संस्कृत नाकारले गेलेल्या या विद्यार्थ्याने इंग्रजीत ग्रंथ लिहिले. त्यांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने घडविलेल्या संविधानाचे कलम १७ पाहावे. अस्पृश्यता पुढे कधीतरी नष्ट होईल, असे आश्वासन तेथे नाही. मूळ इंग्रजी क्रियापद वर्तमानकाळी आहे.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. ते कलम आजही वर्तमानकाळातच बोलते. पालकांनो, मुलांना काळ शिकविताना त्यांच्यापुढे हे वाक्य अवश्य ठेवा.