शिवूबाईचे पत्र छापणारे शिवराम जानबा कांबळे

भीमा कोरेगावचा विषय निघाला की शिवराम जानबा कांबळे यांचे नाव येते. १९२९ च्या पर्वती सत्याग्रहाच्या पुढाऱ्यांतही ते होते. मुरळी प्रथेविरुद्धचे त्यांचे काम मात्र आपल्या तरुणांना फारसे माहीत नसते.

१८७५ साली पुण्यात महार कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मेसॉनिक हॉलमध्ये नोकरी करत त्यांनी समाजकार्य केले. १९०३ साली सासवडला ५१ गावांच्या महारांची सभा घेऊन त्यांनी लष्कर आणि पोलिसांत भरतीची मागणी सरकारपुढे मांडली. १ जुलै १९०८ रोजी ‘सोमवंशीय मित्र’ हे मासिक काढले.

त्या काळी नवस फेडण्यासाठी जेजुरीच्या खंडोबाला मुली वाहिल्या जात. देवाशी लग्न लागले की ती मुरळी. मग तिला संसार नाही, आणि देवाच्या नावावर होणारे शोषण जन्मभराचे. कांबळे यांनी मासिकातून या चालीवर कडाडून टीका केली आणि मुली वाहणाऱ्या आपल्याच समाजाला जाब विचारला.

१९०९ साली शिवूबाई नावाच्या मुरळीचे पत्र मासिकाकडे आले. ही चाल सोडली तर आमच्याशी लग्न कोण करणार, हा तिचा सवाल होता. प्रश्न सुधारकांनाच अडचणीत आणणारा होता, तरी कांबळे यांनी पत्र छापले. चळवळीतलेच गणपतराव गायकवाड पुढे आले आणि त्यांनी शिवूबाईशी लग्न केले.

पुढे १९३४ साली मुंबई इलाख्यात देवदासी संरक्षण कायदा झाला. १९३६ साली दामोदर हॉलमधील सभेत बाबासाहेबांनी मुरळ्या-जोगतिणींना ते जिणे सोडण्याचे आवाहन केले. महाराष्ट्राचा नवा कायदा २००५ चा. कायद्याच्या कितीतरी आधी एका छोट्या मासिकाने पीडित बाईचे म्हणणे तिच्याच नावाने समाजापुढे ठेवले होते.

मंगळवार पेठेत हे लिहिताना यल्लमाला सोडलेल्या जोगतिणी डोळ्यांसमोर आहेत. मार्गशीर्षात कोल्हापुरातून सौंदत्तीला आजही गाड्या जातात. आपण बौद्ध झालो, देव सोडले. पण देवाला सोडलेल्या बायका आपल्याच वस्त्यांत म्हाताऱ्या झाल्या. त्यांना आपण आधी सांगतो, गळ्यातले मोती काढा, जट कापा. त्यानंतर पोट कसे भरायचे, पेन्शनचा कागद कोण करून देणार, मुलांच्या दाखल्यावर बापाचे नाव काय लावायचे, हे विचारायला आपण थांबत नाही.

शिवूबाईला उत्तर लग्नाने मिळाले. आजच्या प्रत्येकीला तेच हवे असेल असे नाही. काय हवे ते तीच सांगेल. येत्या पौर्णिमेला विहारात एखाद्या जोगतिणीला बोलवू या. त्या दिवशी भाषण आपण करायचे नाही, तिचे ऐकायचे आणि दुसऱ्या दिवशी तिच्या कागदपत्रांसाठी तहसील कार्यालयात तिच्यासोबत जायचे.

जयभीम.