केमिस्ट्रीचा गंध नव्हता, तरी ॲड्रेनॅलिन आणि ॲस्पिरिनचा फैसला याच जजने केला

अमेरिकेत आज कुठलीही कंपनी आपल्या गोळ्यांच्या डबीवर ॲस्पिरिन हे नाव छापू शकते. शेजारच्या कॅनडात मात्र या नावावर अजूनही एकट्या बायर कंपनीचा हक्क आहे.

असं का? तर अमेरिकेतल्या एका जजने १९२१ साली दिलेल्या निकालामुळे.

त्यांचं नाव लर्नेड हँड. इंग्रजीत लर्नेड म्हणजे विद्वान, पण हे काही बिरुद नव्हतं. ते त्यांच्या आईचं माहेरचं आडनाव.

हँड यांचा जन्म १८७२ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीचा. वडील नामांकित वकील. ते गेले तेव्हा हँड १४ वर्षांचे होते. हार्वर्डमध्ये ते तत्त्वज्ञानात रमले, पण घरची वाट वकिलीची. १८९६ ला ते कायद्याचे पदवीधर झाले. आधी ऑल्बनीत, मग न्यूयॉर्कमध्ये वकिली केली, पण तिथे त्यांचं मन काही लागलं नाही. १९०९ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी ते फेडरल कोर्टात जज झाले.

आणि थोड्याच दिवसांत समोर आली ॲड्रेनॅलिनची केस.

झालं असं होतं की, जोकिची ताकामिने या जपानी केमिस्टने १९०० च्या सुमारास जनावरांच्या ग्रंथीतून ॲड्रेनॅलिन शुद्ध रूपात वेगळं केलं होतं. पेटंट घेतलं आणि पार्क-डेव्हिस कंपनी ते विकू लागली. ऑपरेशनमध्ये रक्तस्राव थांबवायला डॉक्टरांना ते मोलाचं होतं. मग मलफोर्ड कंपनीने तसंच औषध बाजारात आणलं आणि प्रकरण कोर्टात गेलं.

मुद्दा साधा होता, पण अवघड. जी गोष्ट शरीरात आधीपासून आहे, तिच्यावर पेटंट कसं मिळेल?

१९११ मध्ये हँड यांनी पेटंटच्या बाजूने कौल दिला. ग्रंथीची भुकटी डॉक्टर आधीही वापरत होते, पण त्यातून वेगळा काढलेला शुद्ध पदार्थ व्यवहारात आणि उपचारात नवीनच आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्याच निकालात त्यांनी एक कबुलीही दिली. आपल्याला केमिस्ट्रीतलं साधं प्राथमिक ज्ञानही नाही आणि अशा माणसाने असे खटले चालवावेत हेच चुकीचं आहे, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. जर्मनीतली कोर्टं तज्ज्ञांची मदत घेतात, हेही दाखवून दिलं.

दहा वर्षांनी आली ॲस्पिरिनची केस. पेटंट १९१७ मध्येच संपलं होतं, भांडण होतं नावाचं. १९१५ पर्यंत बायर आपली पावडर इतर कंपन्यांना विकायची आणि त्या गोळ्या करून विकायच्या. त्यामुळे लोकांना ॲस्पिरिन माहीत होतं, बायर नव्हतं. म्हणून हँड यांनी निकाल दोन भागांत दिला. डॉक्टर आणि औषधविक्रेत्यांसाठी हे नाव बायरचंच, पण सामान्य गिऱ्हाइकासाठी ते औषधाचं नाव झालंय, ते सगळ्यांचं.

दोन्ही वेळी त्यांनी एकच पाहिलं. ही गोष्ट वापरणाऱ्या माणसासाठी ती नेमकी काय आहे?

हँड यांचं नाव सुप्रीम कोर्टासाठी अनेकदा चर्चेत आलं, पण तिथली खुर्ची त्यांना मिळाली नाही. १९६१ मध्ये, ८९ व्या वर्षी ते गेले. पन्नासहून अधिक वर्षं ते जज होते.

त्यांचा ॲड्रेनॅलिनचा निकाल मात्र मागे उरला. २००१ मध्ये अमेरिकेच्या पेटंट ऑफिसने जनुकांवरच्या पेटंटचं समर्थन करताना त्याचाच दाखला दिला. शेवटी २०१३ मध्ये, स्तनाच्या कॅन्सरशी संबंधित जनुकांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की, निसर्गातला डीएनए नुसता वेगळा काढला म्हणून त्यावर पेटंट मिळणार नाही.

म्हणजे शंभर वर्षांनी वारं उलटं फिरलं. पण हँड यांची तक्रार अजून तशीच आहे. जनुकांचा तो निकाल देणारे नऊही जज कायद्याचेच पदवीधर होते.