पाळण्यासकट शाळा

१९८८ साली बँकेने माझी बदली पेठला केली. नाशिकपासून हे गाव साधारण पंचावन्न किलोमीटर. माझा मुलगा तेव्हा दोन वर्षांचा होता. सकाळी त्याला सासूबाईंच्या हवाली करायचे, एस.टी. पकडायची, सावळघाटाची वळणे मोजत पेठ गाठायचे आणि दिवेलागणीला परतायचे, असा माझा दिनक्रम. बाहेर पडताना तो रडे. बसमध्ये बसले तरी ते रडणे बराच वेळ कानात राही.

त्या वर्षी एका पाड्यावर शेळ्यांच्या कर्जाची तपासणी करायला गेले होते. कारवीच्या कुडाचे घर. घरी मोठे माणूस कोणी नाही. सात-आठ वर्षांची मुलगी कडेवर वर्षाच्या भावाला घेऊन बाहेर आली आणि तिने मला शेळ्या दाखवल्या. विमा उतरवलेल्या त्या शेळ्यांच्या कानात नंबरचे बिल्ले होते. मी नंबर ताडून पाहिले. भावाच्या नाकावर माश्या बसत होत्या, पोरीचा एक पाय सुजलेला होता. तेवढ्यात तिची आई डोक्यावर लाकडांचा भारा घेऊन आली. मी त्या बाईला चांगलीच फैलावर घेतली. पोरीला शाळेत का घालत नाही, लहान मुलाला असे टाकून जायला काही वाटत नाही का, असे पुष्कळ बोलले. ती काहीच बोलली नाही. तिने भारा उतरवला आणि मला पाणी दिले.

परतीच्या बसमध्ये मनात आले, मी तरी काय करत होते? माझ्याकडे सासूबाई होत्या, तिच्याकडे आठ वर्षांची मुलगी. फरक एवढाच होता.

ताराबाई मोडकांचे नाव मला शाळेपासून माहीत होते. पण त्यांचे चरित्र मी त्यानंतर पहिल्यांदा लक्ष देऊन वाचले, आणि मग ते मला सुटले नाही.

ताराबाईंचा जन्म १८९२ सालचा, मुंबईचा. माहेरचे आडनाव केळकर. घर प्रार्थना समाजाचे, सुधारकी. १९१४ साली त्या बी.ए. झाल्या. त्या काळात मुलीने पदवी घेणे ही बातमीच होती. पुढच्याच वर्षी अमरावतीच्या मोडक वकिलांशी लग्न झाले आणि १९२१ साली तो संसार मोडला. कारणे चघळण्याची आपल्याकडे फार हौस. मी ती चघळणार नाही. पदरात लहान मुलगी होती. तिला घेऊन ताराबाई राजकोटला गेल्या आणि तिथल्या बायकांच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य झाल्या. पगार होता, मान होता. पण भावनगरला गिजुभाई बधेका दक्षिणामूर्ती संस्थेच्या बालमंदिरात लहान मुलांसोबत वेगळेच काही करत आहेत हे कळले, आणि १९२३ साली नोकरी सोडून त्या तिकडे गेल्या. नोकरदार माणूस म्हणून सांगते, ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही. एकटी बाई, लहान मूल, आणि हातातली खुर्ची सोडायची!

गिजुभाईही मूळचे वकील. मारल्याशिवाय आणि भीती घातल्याशिवाय मूल शिकते, किंबहुना तसेच ते शिकते, हा त्यांचा विश्वास. मॉन्टेसरीबाईंची पद्धत त्यांनी गुजराती मातीत रुजवली. १९२६ साली या दोघांच्या पुढाकाराने नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. शिक्षण पत्रिकेतून ताराबाई आईबापांशी बोलू लागल्या. छडी, अंधारी खोली, बागुलबुवा ही आमच्या पिढीपर्यंत वळण लावण्याची सर्वमान्य साधने होती. ताराबाईंनी त्यांना सरळ छळ मानले. १९३६ साली त्यांनी दादरला शिशुविहार काढला. शहरातला सुशिक्षित मध्यमवर्ग त्यांचे ऐकू लागला.

इथे थांबल्या असत्या तरी त्यांचे नाव राहिले असते. पण मॉन्टेसरीची साधने महाग, ती परवडणार शहरातल्या मोजक्या घरांना. खेड्यातल्या मुलांचे काय? १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाई डहाणूजवळ बोर्डीला गेल्या आणि त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. सोबतीला अनुताई वाघ आल्या. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांत वैधव्य, असे बालपण भोगून शिक्षिका झालेली ही बाई पुढे जन्मभर ताराबाईंसोबत राहिली. शंख-शिंपले, गोटे, बिया, पाने हीच इथली साधने झाली.

बालवाडी निघाली, पण हरिजनवाड्यातली मुले तिथे येईनात. आपण असतो तर वाड्यातल्या लोकांना दोष दिला असता. मी तो दिलाच होता, पेठच्या त्या पाड्यावर. ताराबाईंनी बालवाडी उचलली आणि वाड्यात, मुलांच्याच अंगणात नेली. मुलांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे, मग गाणी आणि गोष्टी. अंगणवाडी या शब्दाचा जन्म असा आहे.

पुढे १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारल्यांच्या मुलखात गेले. पेठहून हरसूल, मोखाडा, जव्हार ओलांडून खाली उतरले की तो मुलूख लागतो. डोंगर तेच, नागली तीच, दारिद्र्यही तेच. इथली मुले शाळेत येत नव्हती, कारण ती रिकामी नव्हती. मुलगे गुरे राखत, मुली भावंडे सांभाळत. दुर्लक्ष झालेले एक मूल आणखी लहान मुलाला राखत होते. आईला उपदेश करून यातले काही बदलणार नव्हते, कारण आईने मजुरीला न जाणे म्हणजे चूल न पेटणे.

ताराबाईंनी यावर दोन उपाय काढले. गुरे चरतात तिथे शिक्षक गेले, ती कुरणशाळा. आणि मुलींसाठी पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. तान्हे भावंड पाळण्यात, मधले बालवाडीत आणि थोरली वर्गात. आईची मजुरी बुडाली नाही आणि थोरलीची शाळाही. या प्रयोगाला विकासवाडी म्हणतात. मला ही त्यांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते. मुलावर दया अनेकांना येते. पण थोरलीची शाळा धाकट्याच्या पाळण्याशी बांधलेली आहे हे दिसायला, आणि दिसल्यावर पाळणाच शाळेत आणायला, वेगळी नजर लागते.

१९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी, एक्याऐंशीव्या वर्षी त्या गेल्या. अनुताईंनी कोसबाडचे काम १९९२ पर्यंत, स्वतःच्या अखेरपर्यंत चालवले. ताराबाईंच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. सरकारने अंगण घेतले, पाळणा मात्र बहुतेक ठिकाणी मागेच राहिला, असे माझे मत आहे. पोषक आहार, लसीकरण आणि शाळापूर्व शिक्षण हे अंगणवाडीचे काम, ते मोलाचे आहे. पण आई दिवसभर बाहेर असते तेव्हा तान्ह्याचे काय, याचे उत्तर त्या काही तासांत बसत नाही. दिवाळीनंतर पेठकडची कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांकडे उतरतात, तेव्हा तर मुले आईबापांच्या मागे बांधावर नाहीतर म्हाताऱ्यांच्या भरवशावर घरी.

गेल्या हिवाळ्यात बऱ्याच वर्षांनी त्या बाजूला गेले होते. आता माझा नातू दोन वर्षांचा आहे आणि पाळणाघरात जातो. तो जुना पाडा मला सापडला नाही. दुसऱ्या एका पाड्यावरच्या अंगणवाडीत डोकावले. लहानग्यांच्या रांगेत शेवटी नऊ-दहा वर्षांची एक मुलगी भावाला मांडीवर घेऊन बसली होती. आईबाप बागेवर गेलेले, आणि तिच्याशिवाय तो बसत नाही, असे सेविकाताईंनी सांगितले. नियमात ती मुलगी तिथे बसत नव्हती. ताईंनी तिलाही एक पाटी दिली होती. ती एका हाताने भावाला थोपटत होती आणि दुसऱ्या हाताने पाढा लिहीत होती. सातचा होता, निम्म्यावर आला होता.