थॉमस न्यूकोमेन आणि एक जुने चित्र

इंग्लंडातील डडली किल्ल्याजवळ उभारलेल्या एका यंत्राचे चित्र थॉमस बार्नी याने इ. स. १७१९ मध्ये कोरून छापले. चौकटीत बसविलेली त्याची प्रत पाहू लागताच दृष्टी जाते ती विटांच्या उंच इमारतीकडे आणि तिच्या भिंतीवर तोललेल्या अजस्र लाकडी तुळईकडे. यंत्राच्या निरनिराळ्या भागांची नावे चित्रात क्रमवार दिली आहेत. मथळ्यात मात्र जनक म्हणून दोन नावे आढळतात : आधी कॅप्टन सेव्हरी, मग न्यूकोमेन. ज्याने हे यंत्र प्रत्यक्ष उभारले त्याचे नाव मागे का पडावे?

थॉमस न्यूकोमेनचा जन्म डेव्हन परगण्यातील डार्टमथ या बंदराच्या गावचा. इ. स. १६६४ च्या फेब्रुवारीत त्याचा बाप्तिस्मा झाला. लोखंडी सामानाचा व्यापार हा त्याचा व्यवसाय. शिवाय बाप्टिस्ट पंथाच्या मंडळीत तो धर्मोपदेशही करी. डेव्हन व शेजारच्या कॉर्नवॉलमध्ये कथिलाच्या खाणी होत्या. त्या जसजशा खोल जात तसतसे पाणी साचे, आणि ते घोड्यांकरवी उपसता उपसता मालक जेरीस येत. पुष्कळ खाणी अशाच बुडाल्या.

वाफेने पाणी चढविण्याचे एक साधन थॉमस सेव्हरीने इ. स. १६९८ मध्ये पेटंट केले होते. परंतु खोल खाणीत ते निरुपयोगी ठरे, आणि वाफेचा दाब वाढविला की त्याचे सांधे फुटत. न्यूकोमेनने वेगळाच मार्ग धरला. जॉन कॅली या कारागीर मित्राला सोबत घेऊन तो अनेक वर्षे प्रयोग करीत राहिला.

त्याची युक्ती अशी. बॉयलरमधील मंद दाबाची वाफ एका उभ्या नळकांड्यात शिरते. तुळईच्या दुसऱ्या टोकाला पंपाचे दांडे लोंबत असतात. त्यांच्या भाराने नळकांड्यातील दट्ट्या वर येतो. मग झडप बंद करून आत थंड पाण्याचा फवारा सोडावयाचा. वाफेचे क्षणात पाणी होते, आत पोकळी निर्माण होते आणि बाहेरची हवा दट्ट्याला खाली रेटते. तुळई कलते व खाणीतले पाणी वर येते. म्हणजे जोर वाफेचा नव्हे, आपल्या डोक्यावरील हवेचा!

पूर्वी थंड पाणी नळकांड्याच्या बाहेरून खेळविले जाई व काम फार संथ चाले. ट्रीवाल्ड नावाच्या स्वीडिश अभियंत्याने लिहून ठेविले आहे की, नळकांड्यातील एक भोक कथिलाने बुजविलेले होते. ते वितळले, पाणी आत घुसले आणि दट्ट्या इतक्या वेगाने आदळला की साखळीच तुटली. देसाग्युलिए या विद्वानाने पुढे असा अभिप्राय दिला की, हे दोघे ना तत्त्वज्ञ, ना गणिती. त्यांना यश लाभले ते दैवयोगाने. हा अभिप्राय अन्यायाचा वाटतो. वर्षानुवर्षे यंत्रापाशी उभ्या राहिलेल्या माणसालाच असा दैवयोग ओळखता येतो.

डडलीचे यंत्र इ. स. १७१२ मध्ये चालू झाले. त्याच्या नळकांड्याचा व्यास २१ इंच होता. मिनिटाला १२ हेलकावे आणि प्रत्येक हेलकाव्यास १० गॅलन पाणी, तेही १५३ फूट खोलीवरून! झडपा आपोआप उघडाव्यात म्हणून हम्फ्री पॉटर या खेळकर मुलाने त्यांना दोऱ्या बांधल्या, अशी एक गोष्ट सांगतात. ती गोड आहे, पण तिला विश्वसनीय आधार नाही. यंत्राला कोळसा अतोनात लागे. त्यामुळे ते शोभले कोळशाच्या खाणींवरच, जेथे विकला न जाणारा चुरा सहज मिळे.

आता त्या मथळ्याकडे वळू. सेव्हरीचे पेटंट अग्नीच्या साहाय्याने पाणी चढविण्याच्या साऱ्या उपायांना व्यापणारे होते, आणि पार्लमेंटने त्याची मुदत इ. स. १७३३ पर्यंत वाढविली होती. न्यूकोमेनला स्वतंत्र हक्क मिळणे शक्यच नव्हते; सेव्हरीच्या छत्राखाली राहूनच त्याला आपली यंत्रे उभारावी लागली. इ. स. १७१५ मध्ये सेव्हरी वारला व ते हक्क भागीदारांच्या एका कंपनीकडे गेले. पेटंट संपेपर्यंत अशी शंभरावर यंत्रे उभी राहिली होती. काही तर समुद्रापलीकडे युरोपातही पोहोचली.

ते दिवस पाहावयास न्यूकोमेन मात्र नव्हता. ५ ऑगस्ट १७२९ रोजी लंडनमध्ये त्याचे देहावसान झाले. बनहिल फील्ड्स या दफनभूमीत त्याला पुरले. पण नेमके कोठे, हे आज कोणालाच ठाऊक नाही. त्याची विश्वसनीय तसबीरही उपलब्ध नाही. पुढे ग्लासगो विद्यापीठातील न्यूकोमेन यंत्राची एक लहान प्रतिकृती दुरुस्त करताना जेम्स वॅटला इंधनाचा अपव्यय जाणवला, आणि इ. स. १७६५ मध्ये त्याला वाफ निराळ्या पात्रात थंड करण्याची कल्पना सुचली. लोकांच्या मुखी नाव राहिले ते वॅटचे.

डडली येथील संग्रहालयात इ. स. १९८६ मध्ये न्यूकोमेनचे यंत्र पुन्हा पूर्ण आकारात उभे करण्यात आले. मूळ यंत्र तर केव्हाच नाहीसे झालेले. तेव्हा ते घडविणाऱ्यांनी समोर ठेविले ते बार्नीचे हेच चित्र.