पंडिता रमाबाई आणि त्यांनी पाहिलेली विलायत-अमेरिका

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत एका थोर स्त्रीचे चरित्र द्यावे असे मंडळाच्या बैठकीत ठरले आणि पंडिता रमाबाईंचे नाव माझ्या वाट्याला आले. सातवी शिकलेल्या बाईने पंडितेविषयी लिहावे हे थोडे धाडसच आहे. परंतु रमाबाईंनी ज्यांच्यासाठी आपले आयुष्य वेचले, त्या पुष्कळशा बायकांनी शाळेचे तोंडही पाहिलेले नव्हते. या विचाराने धीर आला, म्हणून चार शब्द लिहिते.

गेल्या चारशे-पाचशे वर्षांत युरोप-अमेरिकेत मोठी उलथापालथ झाली. छापखाने निघाले, वाफेवर चालणारी यंत्रे आली, राजांची सत्ता जाऊन लोकांची सत्ता आली. ही सुधारणा आपल्याकडे इंग्रजांच्या राज्याबरोबर आली. कोणी तिला डोक्यावर घेतले, कोणी तिच्या नावाने बोटे मोडली. परंतु त्या सुधारणेच्या घरात स्वतः जाऊन, तिचे देवघर आणि तिचा उकिरडा दोन्ही पाहून, मराठीत आपल्या लोकांसाठी लिहून ठेवणारी बाई म्हणजे पंडिता रमाबाई.

त्यांचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी कर्नाटकातील गंगामूळ येथील रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान होते. बायकांनी संस्कृत शिकू नये असा तो काळ. पण शास्त्रीबुवांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले आणि लोकांचा रोष पत्करला. आईने मग लेकीला शिकवले. पुराणे सांगत हे कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडत असे. पुढे दुष्काळ पडला. पुराण ऐकायला बसणाऱ्यांच्याच घरी दाणा नाही, तर दक्षिणा कोण घालणार? 1874 च्या सुमारास आई-वडील दोघेही गेले, मागोमाग मोठी बहीणही गेली. उरलेली रमा भाऊ श्रीनिवास याच्याबरोबर पायी हजारो मैल हिंडली.

दुष्काळ म्हणजे काय हे आपल्या बीड जिल्ह्याला सांगावे लागत नाही. 1972 साली खडी फोडायला गेलेल्या बायका अजून कितीतरी घरांत आहेत. रमाबाईंच्या पुढच्या साऱ्या कामाचे मूळ त्या उपाशी दिवसांत आहे, असे मला वाटते.

1878 साली बहीण-भाऊ कलकत्त्याला पोचले. वीस वर्षांची मुलगी घडाघडा संस्कृत बोलते हे पाहून तेथील विद्वान चकित झाले आणि त्यांनी तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. 1880 साली भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलांशी जातीबाहेर विवाह केला. 1881 साली मनोरमा ही कन्या झाली आणि 1882 च्या आरंभी पतीला पटकीने नेले. चोविसाव्या वर्षाच्या आत आई, वडील, बहीण, भाऊ आणि नवरा, सारे गेले. पदरी एक तान्ही लेक राहिली.

दुसरी कोणी असती तर कोपऱ्यात बसली असती. रमाबाई पुण्याला आल्या. 1882 साली त्यांनी आर्य महिला समाज काढला. मुलींच्या शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर कमिशनपुढे साक्ष देऊन, स्त्री शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर तयार करण्याची मागणी केली. 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिले. त्याच्या विक्रीच्या पैशातून 1883 साली त्या मनोरमेला घेऊन विलायतेला गेल्या. डॉक्टर होण्याचा मनोदय होता, पण ऐकू कमी येत असल्यामुळे तो सोडावा लागला. मग चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात त्या शिकल्याही आणि संस्कृत शिकवूही लागल्या.

विलायतेत सप्टेंबर 1883 मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. इकडे मोठे वादळ उठले. जोतीराव फुल्यांसारखे थोडे लोक त्यांच्या बाजूने उभे राहिले. बाकी बहुतेकांनी दोष दिला. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवण्याजोगी आहे. धर्म बदलला तरी बाईंनी आपली अक्कल कोणाच्या स्वाधीन केली नाही. पटले नाही तेथे त्यांनी आपल्या धर्मगुरूंशीही वाद घातला. लुगडे सोडले नाही आणि मांसाहाराला शिवल्या नाहीत.

1886 च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशी फिलाडेल्फिया येथे डॉक्टर झाल्या, त्या समारंभासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या. थोडे दिवस राहायचे म्हणून गेलेल्या बाई जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. गावोगावी व्याख्याने दिली, मुलींची विद्यालये पाहिली, खेळातून लहान मुलांना शिकवण्याची फ्रबेल यांची बालोद्यान पद्धत शिकून घेतली. परत आल्यावर 1889 साली 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' हे पुस्तक मराठीत छापले. त्यात तेथील राज्यकारभार, घरे, शाळा, व्यापार आणि बायकांची स्थिती यांची हकीकत आहे.

बाईंनी नुसती वाहवा केली नाही. ज्या देशाने 1776 साली सर्व माणसे समान असा पुकारा केला, त्याच देशात काळ्या लोकांची गुलामगिरी 1865 पर्यंत चालली आणि ती गेल्यावरही रंगाचा विटाळ गेला नाही, हे त्यांनी पाहिले. मूळ रहिवाशांच्या जमिनी गोऱ्यांनी कशा लुबाडल्या तेही लिहिले. बायकांना पुरुषांपेक्षा मजुरी कमी मिळे आणि बहुतेक ठिकाणी मत देता येत नसे. तो हक्क अमेरिकेतील बायकांना देशभर 1920 साली मिळाला, तेव्हा रमाबाई कृश होत चालल्या होत्या.

मग त्यांना तेथे आवडले काय? बायकांचा एकोपा. अमेरिकेत बायका मंडळे काढीत, दारूबंदीसाठी झटत, वर्गणी गोळा करून शाळा व दवाखाने चालवीत. आपला हक्क मिळवण्यासाठी त्या वर्षानुवर्षे सभा भरवीत. त्या देशाची खरी ताकद बाईंना तेथे दिसली. रमाबाईंच्या कामासाठी 1887 च्या डिसेंबरात बोस्टन येथे एक संस्था निघाली. तिची मंडळे गावोगावी झाली आणि प्रत्येक सभासदाने वर्षाला एक डॉलर, असे दहा वर्षे देण्याचे कबूल केले. आपल्या मंडळाची वर्गणी गोळा करताना कोणाकोणाचे तोंड वाकडे होते, त्या भगिनींनी हे जरूर वाचावे!

या पैशातून 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. आनंदीबाई डॉक्टर झाल्या त्याला त्या दिवशी बरोबर तीन वर्षे झाली होती. पण आनंदीबाई मात्र 1887 सालीच निवर्तल्या होत्या. सदनातील पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. 1893 साली धोंडो केशव कर्वे यांनी त्यांच्याशी विवाह केला आणि त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. सदन पुढे पुण्यास आले. तेथे मुलींना ख्रिस्ती करतात असा ओरडा झाला, सल्लागार मंडळींनी राजीनामे दिले, बऱ्याच मुली घरी नेल्या गेल्या. लोकांच्या भीतीला काहीच आधार नव्हता असे म्हणता येत नाही, कारण बाई आपला धर्म लपवीत नसत. परंतु त्या मुलींना घरी नेणाऱ्यांपैकी किती जणांनी पुढे त्यांना शिकवले, हाही प्रश्न विचारला पाहिजे.

1896-97 च्या दुष्काळात बाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो निराधार मुली-बायकांना घेऊन आल्या. पुण्याच्या पुढे, सोलापूरच्या रेल्वेवर केडगाव आहे. तेथे मुक्ति सदन उभे राहिले. 1900 च्या गुजरातच्या दुष्काळानंतर ही संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. शेती, विणकाम, शिवण, छापखाना, सारी कामे बायकाच करीत. आंधळ्या बायकांना मनोरमाबाई बोटांनी वाचायला शिकवीत. रमाबाईंनी उतारवयात बायबलचे मराठी भाषांतर केले. 1921 साली मनोरमाबाई वारल्या आणि 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईंनी देह ठेवला. 1989 साली भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.

भगिनींनो, रमाबाई लढल्या त्या गोष्टी संपल्या का? 2011 च्या शिरगणतीत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांखालील हजार मुलांमागे 807 मुली भरल्या. ऊसतोडीला कोयता पुरा व्हावा म्हणून अजून कोवळ्या पोरींची लग्ने लागतात. हातात मोबाईल आला, दारात गाडी आली, म्हणजे सुधारणा झाली असे नव्हे. पश्चिमेची यंत्रे विकत मिळतात. तेथील बायकांची चिकाटी विकत मिळत नाही, ती अंगी बाणवावी लागते.

रमाबाईंची सगळीच मते आपल्याला पटली पाहिजेत असे नाही. मात्र आपल्या गल्लीतील एखाद्या मुलीची शाळा सुटत असेल, तर मंडळाच्या दोघीतिघींनी तिच्या आईकडे जाऊन बसावे. लागल्यास वह्या-पुस्तकांचा खर्च वर्गणीतून करावा. या वर्धापनदिनी एवढे ठरले, तरी रमाबाईंचे स्मरण झाले असे मी समजेन.